मुलांसाठी रिंग थोडी खाली घ्या



ऐन गळीत हंगामाच्या धामधुमीत आम्ही खेळावर लिहायला बसलो म्हणून काही मंडळी नाक मुरडतील, हे आम्हास ठाऊक आहे. तोडीला टोळी मिळेना, पाळीपत्रक पुढे सरकेना, पाटाला पाणी कधी सुटणार त्याचा पत्ता नाही, आणि ह्यांचे हे बास्केटबॉल मधेच कुठून निघाले? प्रश्न रास्त आहे. पण वसाहतीमागच्या मैदानाचा विषय गेले काही महिने गटागटांत, चहाच्या टपरीवर, वजनकाट्याच्या रांगेत निघतो आहे. तेव्हा त्यावर एकदा सरळ लिहिलेले बरे.

त्या मैदानावर दोन लोखंडी खांब उभे आहेत. कधीकाळी कुणा हौशी मंडळींनी ते उभे केले. एका खांबाची रिंग वाकलेली, दुसऱ्याच्या फळीची प्लाय पावसाने फुगून सुटलेली. मधल्या जागेत उन्हाळ्यात ट्रेलर लागतात. आता दोन मते पुढे आली आहेत. एक म्हणते, खांब काढून टाका, जागा सपाट करा, हंगामात वाहने लावायला सोय होईल. दुसरे मत याच्या अगदी उलट: काढायचे कशाला, चांगले सिमेंटचे पूर्ण कोर्ट बांधा, बाहेरून प्रशिक्षक आणा, निवडक पंधरा पोरांचा संघ तयार करा आणि कारखान्याचे नाव जिल्ह्यात गाजवा.

आम्हाला ही दोन्ही मते पटत नाहीत. पहिले का पटत नाही हे सांगायला फार शब्द नकोत. ट्रेलरला जागा दुसरीकडे मिळेल, पोरांना मिळणार नाही. दुसऱ्या मताबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण ते चांगल्या हेतूने मांडलेले आहे आणि म्हणूनच ते गळ्याखाली लवकर उतरते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. खांब राहू द्या. त्यावरची रिंग दीड फूट खाली घ्या. आणि गावातले, वसाहतीतले, तळावरचे जे मूल संध्याकाळी येईल त्याच्या हातात चेंडू द्या. निवड नको, संघ नको, कप नको. निदान पहिली दोन-तीन वर्षे तरी नको.

आता पहिला आक्षेप. "हा आपला खेळ न्हाई. हा शहरातल्या विंग्रजी शाळेतला खेळ. आपल्या पोरांनी कबड्डी खेळावी, कुस्ती करावी." कबड्डी आणि कुस्तीबद्दल आमच्या मनात आदरच आहे आणि तालमीला कुलूप लावा असे कुणी म्हणत नाही. पण बास्केटबॉल हा शहरी खेळ आहे, ही समजूत मुळापासून तपासून पाहण्यासारखी आहे.

हा खेळ ज्याने काढला तो जेम्स नाइस्मिथ कॅनडातला. जन्म १८६१ सालचा. लहानपणीच आई-बाप गेले, आणि हा पोरगा मामाच्या शेतावर कामे करत वाढला. पुढे शिकून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत व्यायामशिक्षक झाला. तिथला हिवाळा कडक. बाहेर बर्फ, आत जिम्नॅशियममध्ये तेच तेच कवायतीचे प्रकार. अठरा तरण्याबांड विद्यार्थ्यांचा एक वर्ग कंटाळून शिक्षकांना जुमानेनासा झाला. वरिष्ठांनी नाइस्मिथला सांगितले, दोन आठवड्यांत यांच्यासाठी काहीतरी नवा खेळ काढ.

मग त्याला आठवला लहानपणी खेळलेला दगडांचा खेळ. मोठ्या धोंड्यावर एक दगड ठेवायचा आणि दुरून आपला दगड मारून तो पाडायचा. आपल्या लगोरीच्या जवळचाच प्रकार म्हणा. त्यात जो जोराने मारी त्याचा दगड लांब जाऊन पडे आणि आणायला पळापळ होई. जो अलगद, वरून कमान करून टाकी त्याचा नेम लागे. चेंडू अलगद वर टाकण्याची कल्पना तिथून आली. लक्ष्य म्हणून त्याने शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती. शिपायाने पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या. आपल्याकडे द्राक्षाच्या, पेरूच्या करंड्या असतात ना, तशाच. त्या टोपल्या वरच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. टोपलीला बूड असल्यामुळे गोल झाला की कुणीतरी शिडीवर चढून चेंडू काढायचा! ही गोष्ट डिसेंबर १८९१ ची. पहिल्या सामन्यात एका बाजूला नऊ गडी होते आणि सगळ्या खेळात मिळून एकच गोल झाला.

शेतावर वाढलेला माणूस, खेड्यातल्या पोरांचा दगड मारण्याचा खेळ आणि फळाच्या टोपल्या. यात शहरी ते काय आहे? आणि परदेशी म्हणून सोडायचे तर व्हॉलीबॉलही सोडावा लागेल. तोही १८९५ साली त्याच भागात, त्याच वाय.एम.सी.ए.च्या मंडळींनी काढला, आणि आज आपल्या भागात ज्या गावात पाराशेजारी व्हॉलीबॉलची जाळी नाही असे गाव दाखवा. क्रिकेटचे तर नावच काढू नका.

या हकिगतीतला एक बारीक तपशील आमच्या मुद्द्याला फार उपयोगी आहे. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर का असते? काही शास्त्र आहे का त्यात? नाही. त्या सज्जाचा कठडा दहा फुटांवर होता म्हणून. कठडा नऊ फुटांवर असता तर जगभर रिंग नऊ फुटांवर लागली असती. म्हणजे ३.०५ मीटर ही काही देवाने आखून दिलेली रेघ नव्हे. अठरा तरुण गड्यांसाठी, एका इमारतीच्या सोयीने पडलेले ते माप. आणि आपण नऊ वर्षांच्या पोराला त्याच्याखाली उभे करून म्हणतो, टाक! पोरगं दोन्ही हातांनी खालून, अंग वाकडे करून, विहिरीतून कळशी उपसावी तसा चेंडू भिरकावते. चेंडू रिंगेपर्यंत पोचत नाही. चार दिवस प्रयत्न करते आणि पाचव्या दिवशी येत नाही. आपण म्हणतो, आपल्या पोरांत दमच नाही.

दम असतो. रिंग उंच असते.

ही अडचण जगात इतरांना फार आधी कळली. १९५० च्या सुमारास अमेरिकेतच लहान मुलांसाठी छोटी रिंग आणि छोटा चेंडू घेऊन वेगळा खेळ सुरू झाला. आज त्याला मिनी बास्केटबॉल म्हणतात आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो मान्य प्रकार आहे. रिंग २.६० मीटरवर, म्हणजे साधारण साडेआठ फुटांवर. चेंडू पाच नंबरचा, अर्धा किलोच्या आसपास वजनाचा. मोठ्या पुरुषांचा सात नंबर आणि बायकांचा सहा नंबर. दुकानदार सरसकट सात नंबरच देतो, कारण त्याच्याकडे तोच असतो. चेंडू घेताना त्यावरचा आकडा बघून घ्या, एवढे आमचे सांगणे.

दुसरा आक्षेप जागेचा आणि खर्चाचा. इथे पूर्ण कोर्टवाल्या मित्रांशी आमचा खरा मतभेद आहे. पूर्ण कोर्ट म्हणजे २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. घरांच्या भिंतींना काय होते ते तुम्ही बघताच. खालची काळी माती काढून, मुरूम भरून, चांगली दबाई केल्याशिवाय वर काँक्रीट ओतले तर दोन पावसाळ्यांत त्याला तडे जाणार आणि मग त्या तड्यांत पाय मुरगळणार. ते काम नीट करायचे तर मोठा खर्च, मोठा खर्च म्हणजे मंजुरी, मंजुरी म्हणजे पुढचा हंगाम. तोवर आज दहा वर्षांचे असलेले पोर तेरा वर्षांचे होईल.

त्यापेक्षा एकाच खांबाभोवती अर्धे कोर्ट करा. १५ मीटर बाय ११ मीटर. चांगला दाबलेला मुरूम, मधे किंचित उंच, कडेला चर, म्हणजे पाणी साठत नाही. आजकाल एकाच रिंगेवर तीन विरुद्ध तीन असा खेळ अधिकृतपणे खेळला जातो. दहा मिनिटे किंवा एकवीस गुण, जे आधी होईल ते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून त्याला ऑलिंपिकमध्येही जागा मिळाली आहे. मुलांसाठी तर हा प्रकार फारच सोयीचा, कारण सहा जणांत चेंडू प्रत्येकाच्या हाती वरचेवर येतो. दहा जणांच्या पूर्ण खेळात जे पोर भित्रे आहे ते कडेकडेने नुसते पळत राहते आणि घरी जाऊन सांगते, खेळलो म्हणून.

मुरमाचे मैदान म्हणजे कमीपणा असे कुणाला वाटत असेल तर १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक आठवावे. त्या साली पुरुषांचे बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आले. सामने उघड्यावर, माती आणि वाळूच्या मैदानावर झाले. अंतिम सामन्याला पाऊस आला, मैदानाचा चिखल झाला, चेंडू आपटला की वर येईना. अमेरिकेने कॅनडाला हरवले ते १९ विरुद्ध ८ अशा गुणांनी. खुद्द नाइस्मिथ त्या ऑलिंपिकला हजर होते. तेव्हा चिखलाची लाज आपल्याला नको.

लोखंडी कामाला तर बाहेर जायचे कारणच नाही. आपल्या वर्कशॉपमधले फिटर आणि वेल्डर बंधू हंगामाबाहेर दोन दिवसांत हे करतील. रिंगेचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, गज १६ ते २० मिलिमीटरचा. खांबाला दोन उंचींवर भोके पाडून ठेवा, एक साडेआठ फुटांची, एक दहा फुटांची. म्हणजे संध्याकाळी लहानांचे झाले की मोठ्या पोरांसाठी फळी वर चढवता येईल. एक गोष्ट मात्र हौसेच्या भरात विसरू नये. खांब फळीच्या बरोबर खाली नको. तो रेषेच्या बाहेर हवा आणि फळी आडव्या हातावर पुढे आलेली हवी. पोर धावत येऊन चेंडू टाकते, त्याला थांबता येत नाही, आणि तोंड खांबावर आपटते. सध्याचे दोन्ही खांब अगदी असेच चुकीचे रोवलेले आहेत. खांबाला माणसाच्या उंचीपर्यंत जुने टायर किंवा काथ्या गुंडाळावा. ट्रॅक्टरवाल्यांकडे जुन्या टायरांना तोटा नाही.

आता शिकवणार कोण आणि काय? आमचे मत असे की सुरुवातीला मोठा प्रशिक्षक नकोच. तालुक्यात खेळाची पदवी घेतलेले शिक्षक आहेत, वसाहतीत कॉलेजला खेळलेली मुले-मुली आहेत. आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड तास देणारे दोघे-तिघे मिळाले तरी पुरे. पहिले दोन महिने सामना खेळवूच नये. चेंडू एका हाताने आपटत चालायचे, मग धावायचे, मग डाव्या हाताने. खाली न बघता. छातीपासून दोन्ही हातांनी पास द्यायचा आणि पास घेताना डोळे मिटायचे नाहीत. हे शेवटचे सोपे वाटते, पण पोरांना सगळ्यात अवघड तेच जाते. धावता धावता दोन्ही पायांवर थांबायला शिकवायचे, कारण चेंडू हातात धरून पावले टाकता येत नाहीत, हाच या खेळाचा मुख्य नियम आहे. नाइस्मिथने पहिले तेरा नियम लिहिले त्यातही तो होता. धरून पळता येत नाही म्हणून पाडापाडी नाही, आणि म्हणूनच हडकुळे पोर दांडग्यासमोर टिकते.

बारीकसारीक गोष्टीही सांगून ठेवतो. नखे कापलेली असावीत. हातात कडे, बांगडी, घड्याळ नको. पायात बूट हवेत, ते साधे कॅनव्हासचे चालतील. चपलेवर किंवा अनवाणी नको. चेंडू लागून बोट दुखावणे हे या खेळात ठरलेलेच. तसे झाले की कुणीतरी अनुभवी गृहस्थ पुढे येतात आणि बोट ओढून सरळ करू लागतात. कृपा करून असे करू नका. थंड पाण्यात बोट धरावे, सूज उतरली नाही किंवा बोट वाकडे दिसले तर दवाखाना गाठावा.

आणि एक नियम आम्हाला सगळ्यांहून महत्त्वाचा वाटतो. जे मूल आले ते खेळेल, आणि जेवढा वेळ चांगले खेळणारे खेळेल तेवढाच वेळ कच्चे मूलही खेळेल. हे सभासदांना समजावून सांगण्याची गरज नाही. एकाचा ऊस वीस एकर असो, दुसऱ्याचा वीस गुंठे असो, सभेत मत एकच. याच तत्त्वावर आपण कारखाना उभा केला. मग पोरांच्या मैदानावर गेलो की आपण हे का विसरतो? तिथे पंधरा निवडायचे आणि उरलेल्या साठांनी बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या, हा कुठला सहकार?

निवडीची घाई करणाऱ्यांना आम्ही आणखी एक विचारतो. आडसाली लावण बाराव्या महिन्यात तोडली तर उतारा काय लागेल? दहाव्या वर्षी जे पोर उंच आणि चपळ दिसते ते पंधराव्या वर्षी तसेच राहील याची खात्री नसते; आणि दहाव्या वर्षी जे मागे पडते ते पुढे अचानक उंच होते. मुलांची वाढ सारखी नसते, दोन-दोन वर्षांचे अंतर सहज पडते. लवकर तोडले की वजनही जाते आणि साखरही जाते.

पालकांच्या अपेक्षांबद्दल दोन शब्द. हा विषय थोडा नाजूक आहे, पण आपल्या माणसांशी बोलताना आडपडदा कशाला? बापाचा पहिला प्रश्न असतो, "ह्याचं पुढं काय व्हतं? नोकरी लागती का?" महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुणही मिळतात. पण त्यासाठी ठरलेल्या पातळीवर, ठरलेल्या स्पर्धांत कामगिरी लागते. शंभरांत एखाद-दुसरे पोर तिथवर जाईल. बाकीच्या पोरांनी मग खेळूच नये का? जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर अंग घामेजेल अशी हालचाल करावी. आपली पोरे शेतात राबतात म्हणून त्यांना खेळाची गरज नाही, हे पूर्वी काही अंशी खरे असेल. आज पोर स्कूलबसने जाते, बसने येते, शिकवणीला जाते आणि राहिलेला वेळ मोबाईलवर घालवते. बांधावर कधी जाते? विचारून बघा घरात.

दुसरा प्रश्न उंचीचा. "बास्केटबॉल खेळलं की उंची वाढते म्हणत्यात." तसे काही नाही. उंची मुख्यतः आई-बापांकडून येते आणि खाण्यापिण्यावर अवलंबून असते. उंच माणसे या खेळात पुढे जातात म्हणून आपल्याला उलटे वाटते. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग हे त्याचे उदाहरण. शेतकऱ्याचा मुलगा, उंची सात फूट दोन इंच, वडीलही तसेच उंच. लुधियानाच्या अकादमीत शिकून तो अमेरिकेला गेला आणि २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याला निवडले. अमेरिकेच्या त्या व्यावसायिक लीगच्या निवडीत नाव आलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. वर्तमानपत्रांत केवढा गाजावाजा झाला! पण त्या लीगच्या मुख्य हंगामात त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. आम्ही हे त्याला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. सात फुटी माणसाचीही तिथे अशी गत, तर आपल्या सव्वापाच फुटी बाळ्याच्या डोक्यावर ते ओझे कशाला ठेवता?

ओझ्याशिवाय खेळूनही काय उभे राहते ते पाहायचे तर मुंबईच्या नागपाड्याकडे पाहावे. दाट वस्ती, कष्टकरी लोक, खेळायला जागा नाही. तिथे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी १९२०-३० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाउस काढले. आपल्या नगर जिल्ह्यात ज्यांच्या शाळा होत्या तेच हे मिशन. गल्लीतल्या पोरांना संध्याकाळी कुठेतरी जायला जागा असावी, अशा साध्या विचाराने तिथे जी कामे चालत त्यांतून पुढे बरेच काही निघाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली तिथेच सुरू झाली. आणि नागपाड्याच्या उघड्या कोर्टांवर पिढ्यान्‌पिढ्या पोरे खेळली. भारताचे कर्णधार झालेले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले गुलाम अब्बास मुंतसिर त्याच वस्तीतले. वस्तीत रिंग होती, ती रोज संध्याकाळी उघडी होती, आणि पोरे खेळत राहिली. मुंतसिर त्यांतूनच निघाले.

मुलींचा विषय आम्ही मुद्दाम वेगळा काढत आहोत. दहा वर्षांपर्यंत मुली मैदानात दिसतात. बाराव्या-तेराव्या वर्षी एकेक करून दिसेनाशा होतात. कुणी बंदी घालत नाही. फक्त आई म्हणते, "आता मोठी झालीस," आणि मैदानाच्या कठड्यावर चार टोळभैरव बसलेले असतात. हा खेळ मुलींनी खेळायला सुरुवात केली ती काही आज नव्हे. खेळ निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९२ साली, सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो जवळच्याच स्मिथ कॉलेजातल्या मुलींना शिकवला. तरीही ऑलिंपिकमध्ये बायकांचे सामने यायला १९७६ साल उजाडले, पुरुषांच्या तब्बल चाळीस वर्षांनंतर. आपल्याकडे २०१७ साली बेंगळुरूला आशियाई चषकाच्या ब गटात भारतीय महिला संघाने कझाकस्तानला अवघ्या दोन गुणांनी हरवून विजेतेपद मिळवले. त्या संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमये होती. हे मुलींना सांगितले पाहिजे. पण नुसते सांगून भागणार नाही. आठवड्यातला एक दिवस फक्त मुलींचा ठेवा, शिकवायला एखादी ताई असू द्या, वसाहतीच्या बाजूला दिवा लावा आणि स्वच्छतागृहाला कडी बसवा. कडी नाही म्हणून मुली घरी जातात, हे संचालक मंडळातल्या पुरुषांच्या लक्षात येत नाही. आपल्या महिला सभासदांनी ते सभेत उभे राहून सांगावे.

आता शेवटचा मुद्दा, आणि खरे तर यासाठीच आम्ही लेखणी उचलली.

मैदानाच्या पलीकडे, ओढ्याच्या अंगाला, हंगामात तोडकऱ्यांच्या कोप्या पडतात. दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत बीडकडची आणि इतर भागांतली कुटुंबे तिथे राहतात. आई-बाप पहाटे अंधारात फडावर जातात. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपीशी राहते, पाणी आणते, वाढ्यांच्या पेंढ्या बांधते. शाळेचे हाल तर आपण सगळे जाणतो. संध्याकाळी वसाहतीतली पोरे खेळू लागली की ही पोरे तारेपलीकडे उभी राहतात. चेंडू बाहेर गेला तर पळत जाऊन आणून देतात. आणून देतात आणि परत तारेपलीकडे जातात.

काही सभासद आम्हाला म्हणाले, "आपल्या पैशानं मैदान करायचं आणि बाहेरच्यांनी खेळायचं व्हय?" आम्ही एवढेच विचारतो, त्या पोरांच्या आई-बापांनी कोयता चालवला नाही तर आपला ऊस गव्हाणीत कोण नेऊन टाकणार? त्यांच्या तोडीवर आपले बिल निघते. मग त्यांच्या पोराने आपल्या मुरमावर दहा मिनिटे चेंडू आपटला तर कारखान्याचे काय झिजते? साखरशाळा ज्या विचाराने निघाल्या त्याच विचाराने हे मैदान त्यांना उघडे असले पाहिजे. ती पोरे पाच महिने राहून जातील, संघात घेता येणार नाहीत, कप आणणार नाहीत. संघाच्या हिशोबात ती बसतच नाहीत. म्हणून तर आम्ही म्हणतो, आधी संघाचा हिशोबच बाजूला ठेवा. खेळात कुणाला घ्यायचे हे वयावर आणि चेंडूच्या नंबरावर ठरावे, सातबाऱ्यावर नको.

एक व्यावहारिक अडचण आहे, ती सांगतो. तळावरून मैदानाकडे यायचा रस्ता गाडीतळाला छेदून जातो आणि संध्याकाळी तिथे टायरगाड्या, ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रेलर यांची रांग असते. कित्येक ट्रेलरला मागे लाल दिवा सोडाच, साधा रिफ्लेक्टरही नसतो. पोरे त्या रस्त्याने येता कामा नयेत. ओढ्याच्या बाजूने तारेत एक फाटक केले तर प्रश्न सुटतो. खर्च किरकोळ आहे. ते फाटक झाल्याशिवाय मैदान सुरू करू नये, इतक्या आग्रहाने आम्ही हे म्हणतो.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय अध्यक्षांच्या परवानगीने यावा अशी सूचना आम्ही देत आहोत. मागणी थोडकी आहे: एका खांबाची नवी फळी आणि दोन उंचींची रिंग, अर्ध्या कोर्टाचा मुरूम, ओढ्याकडचे फाटक, एक दिवा, पाच नंबरचे बारा चेंडू आणि हवा भरायचा पंप. पंपाच्या सुया जास्तीच्या घ्याव्यात, त्या मोडतातच. खांबाभोवती गुंडाळायला जुने टायर सभासदांनी आपापल्या गटातून पाठवावेत. ज्यांना आठवड्यातून एक तरी संध्याकाळ मुलांसाठी देता येईल अशा शिक्षकांनी, तरुणांनी आणि विशेषतः मुलींनी आपली नावे गट कार्यालयात द्यावीत. तिथवर जाणे जमले नाही तर चिटबॉयकडे दिली तरी आमच्यापर्यंत पोचतील.